'लोखंडी चिनी'

नाव देणे आणि नावे ठेवणे यांतील अंतर आपल्या भाषेने नीट राखले आहे. अमेरिकेतील सिएटल येथील एका यंत्रकंपनीने मात्र ही दोन्ही कामे एका शब्दात उरकली. एडमंड स्मिथ या संशोधकाने १९०३ च्या सुमारास मासे साफ करणारे यंत्र सिद्ध केले आणि ते 'आयर्न चिंक' या नावाने विक्रीस आले. 'आयर्न' म्हणजे लोखंडी. 'चिंक' ही चिनी माणसास हिणवण्याची शिवी. ही शिवी राजरोस जाहिरातींत छापली जाई आणि यंत्राच्या अंगावर ठळक अक्षरांत मिरवे.

हीच शिवी का, हे कळण्यास पॅसिफिक किनाऱ्यावरचे सामन माशांचे कारखाने पाहिले पाहिजेत. मासे डब्यांत भरण्याचा तो धंदा १८७० नंतर वाढला, तो बव्हंशी चिनी मजुरांच्या हातांवर. सामन मासा समुद्रातून नदीत चढतो तो थोडेच आठवडे, पण अफाट संख्येने. आणि आलेला मासा नासण्यापूर्वी चिरलाच पाहिजे. डोके, शेपूट, पर उडवून पोट साफ करणारे हे कसबी लोक मुकादमामार्फत हंगामापुरते नेमले जात. घरी विळीवर चार बांगडे साफ करतानाही ज्यांची तारांबळ उडते, त्यांस त्या हातांचे कसब निराळे सांगावयास नको.

हे हात हवे होते, माणूस नको होता. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांस प्रवेशबंदी केली. कॅनडाने १८८५ साली प्रत्येक चिनी आगंतुकावर ५० डॉलरांची पट्टी बसवली आणि १९०३ च्या कायद्याने ती ५०० वर नेली. मजूर दुर्मिळ झाला, महागला, आणि नेमके त्याच सुमारास हे यंत्र आले. ते सुमारे ३० माणसांचे काम उरकते, असा त्याचा लौकिक होता. ज्यास दाराबाहेर ठेवले त्याच्या जागी लोखंड उभे करावयाचे, आणि त्या लोखंडावर पुन्हा त्याचीच शिवी कोरावयाची! आमच्या मते त्या नावात तुच्छतेबरोबर एक नकळत दिलेली कबुलीही आहे. यंत्र कोणाच्या कसबाची नक्कल करते, हे विकणारा जाणत होता. घेणाऱ्यासही ते समजावून सांगावे लागत नसे.

गंमत अशी की, यंत्रातून निघालेला मासा पुन्हा हातानेच निरखून धुवावा लागे, आणि त्या हातांत चिनी, जपानी व पुढे फिलिपिनो हातही असत.

अमेरिकेतील बंदी १९४३ साली उठली. कॅनडाने १९२३ मध्ये घातलेली संपूर्ण बंदी १९४७ मध्ये रद्द झाली. पुढे यंत्रासही 'आयर्न बुचर', म्हणजे लोखंडी खाटीक, असे सौम्य नाव मिळाले. कॅनडातील स्टीव्हस्टन येथील जुन्या कारखान्याचे आता संग्रहालय झाले असून तेथे असे एक यंत्र जपून ठेवले आहे. २०१२ साली टॉमी टिंग या कलावंताने त्याची प्रतिकृती शिल्प म्हणून घडवली. ती घडवून घेतली बीजिंगमध्ये, चिनी कारागिरांच्या गावी.