विवाहसमारंभ, महाराष्ट्रातील

विवाहसंस्काराच्या निमित्ताने वधूवरांच्या कुटुंबांना करावी लागणारी पूर्वतयारी, कामांची वाटणी, निमंत्रणे, भोजन, देणीघेणी व मिरवणूक यांची एकत्रित व्यवस्था. विवाहाचे धार्मिक विधी आणि ते पार पाडण्यासाठी उभारावी लागणारी ही व्यवस्था या दोन भिन्न गोष्टी होत. कन्यादान, पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी हा विधींचा गाभा गृह्यसूत्रांत आढळतो आणि तो आजही बव्हंशी टिकून आहे. व्यवस्थेत मात्र गेल्या सु. दोनशे वर्षांत आमूलाग्र बदल झाला. नातलग, जात आणि गाव यांच्या परस्परऋणांवर चालणारे कार्य हळूहळू रोख पैशावर चालू लागले, हे त्या बदलाचे मुख्य सूत्र म्हणता येईल. प्रस्तुत नोंदीत मराठी भाषिक हिंदू समाजातील या व्यवस्थेचा विचार केला असून जातिपरत्वे व प्रदेशपरत्वे तिच्या तपशिलांत पुष्कळ भेद आढळतात.

काळ व मुहूर्त : समारंभाचे नियोजन कालनिर्णयापासून सुरू होई. चातुर्मासात विवाह होत नसत. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत होणाऱ्या तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईस प्रारंभ होई. पौष व अधिक मास सामान्यतः वर्ज्य मानले जात. गुरू सिंह राशीत असता येणाऱ्या सिंहस्थातही विवाह टाळण्याची रूढी होती. या निर्बंधांमागे शास्त्राधार सांगितला जात असला, तरी ते शेतीच्या वेळापत्रकाशी जुळणारे होते. पावसाळ्यात रस्ते बंद आणि माणसे शेतात गुंतलेली असत. सुगीनंतर मात्र धान्य घरात आलेले, बैलगाड्या मोकळ्या व हाताला सवड असे. म्हणूनच माघापासून ज्येष्ठापर्यंतच्या महिन्यांत विवाहांची गर्दी होई.

मुहूर्ताची वेळ घटिकापात्राने मोजत. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडली की ती भरून बुडण्यास एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे लागत. पंचांग पाहून तिथी व लग्नघटिका सांगणे हे ग्रामजोश्याचे काम होते. गणपत कृष्णाजी यांच्या मुंबईतील शिळाछापखान्यातून १८३१ मध्ये पंचांग छापले गेले. त्यानंतर पंचांगे सुलभ झाली आणि मुहूर्ताचे ज्ञान हळूहळू जोश्याच्या घराबाहेर पडू लागले. १९७३ पासून निघू लागलेल्या कालनिर्णय या दिनदर्शिकेमुळे तर ते घरोघरी भिंतीवर आले.

ठराव व याद : स्थळ पाहणे, पत्रिका जुळवणे व कुळाची चौकशी यानंतर दोन्ही घरांतील वडीलधारी मंडळी बैठक घेऊन देण्याघेण्याचा ठराव करीत. त्याची लेखी नोंद म्हणजे ‘याद’. तीत हुंडा, करणी, दागिने, मानपान, वऱ्हाडाची संख्या व जेवणावळींचा भार कोणी उचलावयाचा या बाबी येत. तोंडी शब्दावर पुढे वाद होऊ नयेत, हा यादीचा हेतू. तथापि रुसवेफुगवे बहुधा यादीतील कलमांवरूनच होत. सर्वत्र देणे वधूपक्षाकडेच असे, असे मात्र नाही. अनेक श्रमजीवी जातींत वरपक्ष वधूच्या पित्यास ‘देज’ देई. कारण मुलगी सासरी गेल्याने तिच्या माहेरचे कष्ट करणारे दोन हात कमी होत. प्रतिष्ठित जातींचे अनुकरण होऊ लागल्यावर पुष्कळ ठिकाणी देज मागे पडून हुंडा आला. दुसऱ्या बाजूस कन्येबद्दल द्रव्य घेण्याची चाल ब्राह्मणांतही होती आणि वाई प्रांतातील ब्राह्मणांना तशी मनाई करणारी पेशवेकालीन आज्ञा उपलब्ध आहे.

शासनाचा विवाहाशी येणारा संबंध एवढ्यापुरताच मर्यादित नव्हता. मराठेशाहीतील करांच्या याद्यांत विवाहावरील ‘लग्नटका’ व पुनर्विवाहावरील ‘पाटदाम’ यांचा उल्लेख आढळतो. राजघराण्यातील विवाह हे तर राज्यकारभाराचेच अंग होते. सवाई माधवराव पेशवे यांचा विवाह १७८३ मध्ये पुण्यात झाला. त्याची व्यवस्था नाना फडणीसांनी आखली होती. अशा प्रसंगी पाहुण्यांचे उतारे, मानाप्रमाणे बैठकी, भोजन, रोशनाई व मिरवणूक या प्रत्येक बाबीसाठी स्वतंत्र जबाबदार माणूस लागे. मोहिमेची तयारी करणारी कारभारी मंडळीच अशा समारंभांची तयारी करीत.

गावगाडा व श्रमविभागणी : सामान्य खेड्यातील विवाह बलुतेदारांच्या श्रमांवर उभा असे. सुतार मुहूर्तमेढ, पाट व चौरंग सिद्ध करी. कुंभार बोहल्यासाठी मडकी देई. परीट पायघड्या घाली. गुरव पत्रावळी पुरवी. न्हावी निरोप पोहोचवी व मशाल धरी. मांग वाजंत्री वाजवी. महार सरपण फोडून आणी. सोनार, कासार व माळी यांच्याकडून अनुक्रमे मंगळसूत्र, हिरवा चुडा आणि मुंडावळ्या येत. या कामांबद्दल रोख मजुरी ठरलेली नसे. वर्षाचे बलुते, प्रसंगाचा मान, वस्त्र, नारळ व शिधा हा त्यांचा मोबदला. त्र्यं. ना. आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथात ग्रामव्यवस्थेतील अशा हक्क-कर्तव्यांचे तपशीलवार चित्र आढळते.

या व्यवस्थेत परस्परावलंबन होते, पण समता नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींचे श्रम अपरिहार्य असूनही त्यांना मांडवात प्रवेश नसे. पंक्ती उठल्यावर उरलेले अन्न त्यांच्या वाट्यास येई. त्यांच्या स्वतःच्या विवाहात वराने घोड्यावर बसून गावातून वरात नेण्यास अनेक ठिकाणी मज्जाव असे.

घरातील श्रमांचा भार स्त्रियांवर असे. जाते पुजून हळद दळणे, घाणा भरणे, मुहूर्ताचे सांडगे-पापड घालणे, रुखवत सजवणे ही कामे महिनामहिना चालत. नात्यातील व आळीतील स्त्रिया आळीपाळीने एकमेकींकडे जात आणि दळताना लग्नाच्या ओव्या म्हणत. विधवांना मात्र मंगलविधींत स्थान नसे; स्वयंपाकघरातील कष्टांतून त्यांची सुटका नसे. यादीत व हिशेबाच्या वहीत या श्रमांची नोंद आढळत नाही; त्यामुळे कार्याच्या खऱ्या खर्चाचा मोठा भाग इतिहासाच्या साधनांत अदृश्यच राहिला आहे.

निमंत्रण, पंगत व आहेर : पहिली अक्षत कुलदैवतास व ग्रामदैवतास देऊन मग आप्तेष्टांना निमंत्रण देण्यात येई. निमंत्रणाची रीत मानाप्रमाणे ठरे आणि तीत चूक झाल्यास पिढ्यान्‌पिढ्यांचा दुरावा येई. विवाहापूर्वी नातलग वधूवरांना केळवण करीत. त्यामुळे भोजनाचा काही भार वाटला जाई. आहेराची वहीत नोंद ठेवून त्याच्या घरच्या कार्यात तो परत केला जाई. त्या दृष्टीने आहेर ही देणगी नसून एक प्रकारची बिनव्याजी भिशीच होती. पंगतीस बसणे म्हणजे त्या विवाहास संमती देणे, असा सामाजिक अर्थ असल्याने जातीचे नियंत्रण पंगतीच्या द्वारेच चाले. मुंबईत १८६९ मध्ये झालेल्या विधवाविवाहानंतर त्याच्या पुरस्कर्त्यांवर पडलेला बहिष्कार हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

खर्च व कर्ज : एकोणिसाव्या शतकात शेतसारा रोखीने भरावा लागू लागला आणि सावकारी वाढली, त्याबरोबर विवाहासाठीही रोख कर्ज काढण्याचे प्रमाण वाढले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणास त्याची लग्नातील उधळपट्टीच कारणीभूत आहे, असे अनेक अधिकारी मानीत. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र या कारणास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. ऐपतीच्या मानाने हा खर्च मोठा असला, तरी तो क्वचित उद्‌भवतो आणि कर्जाचे मूळ सहसा त्यात नसते, असा आयोगाच्या प्रतिपादनाचा आशय होता. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. कारण लग्नखर्चावर बोट ठेवले की सारा, व्याजदर व न्यायालयीन हुकूमनामे यांची चर्चा टळते. तथापि आधीच कर्जात असलेल्या कुटुंबास एखादे लग्न पुरते बुडवू शके, हेही तितकेच खरे.

सुधारणेचे प्रयत्न : विवाहव्यवस्थेतील पौरोहित्याच्या मक्तेदारीस पहिले संघटित आव्हान म. जोतीराव फुले यांनी दिले. त्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या वतीने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटभिक्षुकाविना पहिला विवाह लावण्यात आला. शेतकऱ्याचा असूड या १८८३ च्या ग्रंथात फुले यांनी जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींतून शेतकऱ्याकडून घेतल्या जाणाऱ्या दक्षिणांची झाडाझडती घेतली आणि १८८७ मध्ये विवाहादी विधींची स्वतंत्र पद्धती प्रसिद्ध केली. वधूवरांनी परस्परांना वचन द्यावे व खर्च अल्प असावा, यावर त्यांचा भर होता. ग्रामजोशी वतनदार असल्याने न बोलावताही दक्षिणेवर हक्क सांगत आणि असे वाद न्यायालयापर्यंत जात. अखेर मुंबई प्रांतात १९२६ मध्ये कायदा होऊन सेवा न घेता मागितल्या जाणाऱ्या अशा मानधनाचा वंशपरंपरागत हक्क अमान्य करण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये झालेल्या धर्मांतरानंतर नवबौद्ध समाजात त्रिशरण-पंचशीलपूर्वक होणारी साधी विवाहपद्धती रूढ झाली.

वयोमर्यादेच्या कायद्यांचाही व्यवस्थेवर परिणाम झाला. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे किमान वय १४ व मुलाचे १८ ठरवले. १९७८ मधील दुरुस्तीने ते अनुक्रमे १८ व २१ झाले. बालविवाह होत असत तेव्हा विवाहानंतर काही वर्षांनी ऋतुशांतीचा वेगळा समारंभ करावा लागे. विवाहाचे वय वाढल्यावर तो लोपला. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमानुसार कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी विवाह होऊ शकतो आणि सप्तपदी हा त्यातील विधी असल्यास सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. पंगत, वरात, मानपान यांपैकी कशाचीच कायद्यास आवश्यकता नाही. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक अधिनियमाने हुंडा देणे-घेणे गुन्हा ठरवले. परंतु त्यामुळे यादीतील रक्कम लेखी न राहता तोंडी झाली किंवा वस्तूंच्या रूपाने दिली जाऊ लागली. कायदा आणि प्रतिष्ठेच्या कल्पना यांतील हे अंतर अद्याप मिटलेले नाही.

नागरी जीवनातील परिवर्तन : चार-पाच दिवस चालणारा समारंभ विसाव्या शतकात एका दिवसावर आला. वाडे व अंगणे आक्रसली, नोकरदारांना रजा मर्यादित मिळू लागल्या आणि बलुतेदार गाव सोडून शहरांत आले. मंगल कार्यालये ही या परिस्थितीतून निर्माण झालेली संस्था होय. तेथे जागा, भांडी, आचारी, वाढपी व गुरुजी एकाच ठिकाणी उपलब्ध झाले आणि जेवणाचा हिशेब दर पानामागे ठरू लागला. मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. त्या व नंतरच्या टंचाईच्या काळात पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे आदेश निघाले. छापील लग्नपत्रिका, स्वागतसमारंभ व उभ्याने घ्यावयाचे भोजन यांनी निमंत्रण आणि पंगत यांचे स्वरूप पालटले. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी १९७० नंतरच्या दशकात स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. पुढे ज्ञान प्रबोधिनीनेही हे कार्य हाती घेतले. त्यामुळे विवाहविधी सांगणाऱ्या स्त्री-पुरोहित परिचयाच्या झाल्या.

एकविसाव्या शतकात समारंभाची संपूर्ण आखणी मोबदला घेऊन करणारे व्यावसायिक पुढे आले. पूर्वी मामा, आत्या व शेजारी जे करीत, ते आता करारपत्राने विकत घेतले जाते. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर शासनाने सामुदायिक विवाहांना अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. लग्नखर्च व कर्ज यांचा १८७५ मधील प्रश्न अशा रीतीने पुन्हा राज्यकर्त्यांसमोर आला. जातपंचायतींच्या बहिष्कारास आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात २०१६ मध्ये झाला. करोना महासाथीत २०२० मध्ये विवाहास ५० आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात २५ व्यक्तींची मर्यादा घालण्यात आली. एका सभागृहात दोन तासांत उरकावयाचे हे विवाह विधिदृष्ट्या व कायद्याने पूर्ण होते. निर्बंध उठल्यानंतर मोठे समारंभ पूर्ववत सुरू झाले. यावरून विवाह लागणे आणि तो समाजाने पाहणे या दोन स्वतंत्र गरजा असून खर्चाचा बहुतेक भार दुसऱ्या गरजेपोटी येतो, हे स्पष्ट होते. परस्परऋणाच्या व्यवस्थेत हा भार अनेक खांद्यांवर, जरी विषमतेने, वाटलेला असे. रोखीच्या व्यवस्थेत तो मुख्यतः वधूवरांच्या आणि विशेषतः वधूच्या मातापित्यांवर पडतो. लग्नखर्चाच्या सुधारणेचा विचार करताना भाराच्या या स्थलांतराची दखल घेणे आवश्यक ठरते.