दोनदा फुटलेलं मडकं

जानेवारीत पुण्याहून माझा एक मित्र जळगावला आला. येताना नाशिकला अर्ध्या दिवसाची वाइन सहल करून आला होता. द्राक्षमळा, चार पेले, चीज, फोटो. मला म्हणाला, "तुमच्या खानदेशात असं काही नाही का? सकाळी निघू, दुपारी परत. इथलं खाणं, इथलं पिणं." मी म्हटलं, आहे की. खायला असोदा, प्यायला सातपुड्याचा पायथा.

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण अबकारीवर आहे, त्यामुळे या सहलीत माझाही मतलब होता. मोहाची भट्टी प्रत्यक्ष बघायची, जमलं तर फोटो काढायचे आणि प्रकरणाची सुरुवात तिथूनच करायची. तसं काही झालं नाही. का झालं नाही ते सविस्तर सांगतो. संशोधनाची तयारी करताय, तर आज ना उद्या तुम्हीही कुणाच्या तरी अंगणात वही घेऊन बसणार आहात.

आधी खाण्याचं. असोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर, जळगावला अगदी लागून. थंडीत इथल्या शेतात भरीत पार्टी म्हणजे काय, हे खानदेशी माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची. साल काढून लाकडी भांड्यात ठेचायची. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळतात ते कळणं. चंपाषष्ठी होईपर्यंत बऱ्याच घरांत वांगं खात नाहीत, त्यामुळे भरताला खरा जोर मार्गशीर्षानंतरच. आम्ही पोचलो तेव्हा जाळ पेटलेला होता आणि शेताच्या मालकीणबाई "जेवाले बसा" म्हणून तिसऱ्यांदा हाक मारत होत्या.

आता हे ताट इतिहासाच्या विद्यार्थ्यासारखं वाचून बघा. वांगं इथलंच, फार जुनं. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, पण तीही हजारो वर्षांपासून इथे रुळलेली. मिरची आणि शेंगदाणा अमेरिकेतून, पोर्तुगीज आल्यानंतर. म्हणजे 'आपलं पारंपरिक भरीत' म्हणताना परंपरा कुठल्या शतकापासून मोजायची ते आधी ठरवायला हवं. आणि धूर? आमची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजली होती. कापूस खानदेशात जुनाच. पण १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, भाव चढले आणि इथला पेरा वाढला. त्याच दशकात भुसावळ-जळगावला रेल्वे आली. सरकारने हिंगणघाटचं बी इकडे रुजवायची खटपटही याच काळात केली. मी असं म्हणत नाही की भरीत त्या युद्धामुळे जन्मलं. पण घराघराच्या परड्यात कपाशीच्या काड्यांचे एवढे ढीग लागायला लागले, त्यामागे मँचेस्टरच्या गिरण्या आहेत एवढं नक्की.

यातलं भरताचं असं कागदावर काय सापडतं? फारसं काही नाही. कापसाचं सापडतं, रेल्वेचं सापडतं, जमीन महसुलाचे तर ढीग. भरतावर कर नव्हता, म्हणून भरताची नोंद नाही. २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता त्याची फाइल झाली.

दारूचं नेमकं उलटं आहे. तिथे चव गेली आणि फायली उरल्या.

जेवून आम्ही तापी ओलांडली आणि चोपडा तालुक्यातल्या एका पावरा पाड्यावर गेलो. ओळखीच्या शिक्षकांनी निरोप दिला होता. घरातल्या आजींनी पाणी दिलं, खाट टाकली. मित्राने घाई केली, "मोहाची मिळेल का चाखायला?" आजी त्याच्याकडे नाही, माझ्या हातातल्या वहीकडे बघत म्हणाल्या, "दारू नाही भाऊ इथं. फुलं आहेत, खा." आणि वाळलेल्या मोहफुलांची टोपली पुढे केली.

फुलं तुम्ही खाल्ली नसतील तर सांगतो. चैत्राच्या आसपास पहाटे झाडाखाली फिकट, गरदार फुलांचा सडा पडतो. वाळली की ती मनुकांसारखी तपकिरी होतात. चव गोड, वास मात्र उग्र. पहिल्यांदा तोंडात टाकणारा माणूस थोडा थबकतो. साखर भरपूर असते. म्हणूनच ती भिजवून आंबवता येतात, आणि म्हणूनच अडीनडीच्या काळात ती उकडून, भाकरीत घालून खाल्ली गेली. १८९९-१९०० च्या दुष्काळात खानदेश होरपळला. अशा वर्षांत डोंगरातल्या माणसाला मोहाचं झाड म्हणजे दारूचं झाड नव्हतं, कोठार होतं. हे लक्षात ठेवा, कारण सरकारी कागदात ते दारूचं झाड म्हणूनच येतं.

मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. त्याआधी दारूचा मक्ता दिला जाई आणि गावोगाव छोट्या भट्ट्या चालत. नव्या व्यवस्थेत दारू गाळायची ती सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीत, कर घ्यायचा तो गॅलनवर आणि दारूच्या तीव्रतेवर, आणि विकायची ती परवाना घेतलेल्या दुकानात. हिशेबाच्या नजरेने बघितलं तर हे सरळ आहे. अंगणातल्या मडक्यातून किती उतरली ते कोण मोजणार? जे मोजता येत नाही त्यावर कर लावता येत नाही, म्हणून ते मडकंच बेकायदा. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा झाला. तिथे दारू सोडाच, फुलं बाळगण्यावरही बंधन आलं. विसाव्या शतकात अबकारी हा इलाख्याच्या तिजोरीचा मोठा आधार झाला.

डेव्हिड हार्डिमन यांचं दक्षिण गुजरातवरचं काम तुम्ही वाचलं नसेल तर आधी ते वाचा. 'सबाल्टर्न स्टडीज'च्या चौथ्या खंडातला त्यांचा लेख, आणि १९८७ चं 'द कमिंग ऑफ द देवी'. सुरत जिल्हा म्हणजे पश्चिम खानदेशचा शेजारी. तिथे आदिवासींची स्वतःची ताडी आणि मोहाची दारू गुन्हा ठरली, परवाना पारशी दुकानदारांकडे गेला, उधारी वाढली आणि उधारीपोटी जमिनी गेल्या, हे हार्डिमन दाखवतात. मग १९२२ मध्ये देवीच्या नावाने आदिवासींनी दारू सोडायची लाट आली. ती वरच्या जातींची नक्कल नव्हती, दुकानदाराच्या तावडीतून सुटायचा तो मार्ग होता, हे त्यांचं म्हणणं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सगळं कळल्यासारखं वाटलं. आमच्या सातपुड्यातही हेच झालं असणार, असं धरून मी प्रकरणाचा आराखडा केला: वसाहतीच्या सरकारने मडकं फोडलं, ती आदिवासींची संस्कृती होती, पूर्णविराम.

हा आराखडा मी आजींच्या खाटेवर बसून त्यांना सोप्या शब्दांत सांगत होतो. वास्तविक ऐकायला गेलो होतो, पण असो. सरकारचे शिपाई येऊन मडकी फोडायचे ना, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, "शिपाई फोडायचे. मग आम्ही पण फोडली."

त्यांचं माहेर शहाद्याकडचं. लग्न नुकतंच झालेलं होतं. बायका गावागावातून एकत्र निघायच्या, भट्टीवर जायच्या आणि मडकी फोडायच्या. का, असं मी विचारलं तर त्यांनी मला जरा वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. मजुरीचा पैसा घरी यायचा नाही, आणि माणूस यायचा तो मारायलाच.

हे सांगोवांगीचं नाही. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी आणि शेतमजुरी हे तिचे मुख्य प्रश्न. त्यात बायका पुढे आल्या आणि दारूची मडकी फोडायची मोहीम त्यांनी हातात घेतली. मारिया मीस यांचा १९७६ चा शहादा चळवळीवरचा लेख आणि गेल ऑमव्हेट यांचं पुस्तक, दोन्हीकडे याबद्दल वाचायला मिळतं. त्याही आधी, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, तळोद्याजवळ मोरवडला गुला महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत आणि दारू सोडायची शपथ घेत. मी हे सगळं वाचलेलं होतं. वाचूनही तळटीपेत टाकलं होतं, कारण ते माझ्या आराखड्यात बसत नव्हतं.

म्हणजे मडकं दोनदा फुटलं. एकदा सरकारी काठीने, कारण त्यातून महसूल गळत होता. दुसऱ्यांदा घरच्या बाईच्या हाताने, कारण त्यातून मजुरी गळत होती. मडकं तेच, पण फोडणं वेगळं. नुसतं पहिलं सांगितलं तर दारू ही हिरावलेली संस्कृती होते आणि आजी त्यातून गायब होतात. नुसतं दुसरं सांगितलं तर अबकारी खातं समाजसुधारक वाटायला लागतं, आणि १८७८ नंतर उधारीत गेलेल्या जमिनी दिसेनाशा होतात. माझं प्रकरण पहिल्या चुकीवर उभं होतं.

आता कागदपत्रांचं, कारण तुम्ही तेच विचारणार. अबकारीचे वार्षिक अहवाल आणि महसूल खात्याचे खंड मुंबईला राज्य अभिलेखागारात बघा. १८८० चा खानदेश गॅझेटियर, मुंबई गॅझेटियर मालिकेतला बारावा खंड, सहज मिळतो. पण भिल्लांच्या दारूच्या आवडीबद्दल त्यात जे आहे ते वाचताना, लिहिणारं सरकार त्याच दारूवर कर घेत होतं हे विसरू नका. मराठी साधनांसाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. जिल्ह्यांची नावं नीट सांभाळा: १९०६ पर्यंत सगळा एक खानदेश, मग पूर्व आणि पश्चिम, पुढे जळगाव आणि धुळे, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा. शहाद्याची १९७२ ची बातमी नंदुरबार जिल्ह्यात शोधलीत तर दोन दिवस फुकट जातील. माझे गेले.

अबकारीचे हे कागद कशाचे आहेत बघा. गॅलन, परवाने, लिलाव, गुन्ह्यांचे तक्ते. दारू पिणारा माणूस त्यात दोनच रूपांत येतो, गिऱ्हाईक किंवा आरोपी. देवाला वाहिलेली धार, सोयरीक जुळल्यावर किंवा भांडण मिटल्यावर सगळ्यांनी मिळून घेतलेली दारू, हे तक्त्याच्या कुठल्या रकान्यात टाकणार?

आणि तक्ता अजून चालूच आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. नाशिकची वाइन आणि सातपुड्यातली भट्टी एकाच कायद्याखाली येतात. कायद्याप्रमाणे दारू प्यायला परवाना लागतो, आणि पाच रुपयांत एका दिवसाचा मिळतोही. मित्राने नाशिकला तो घेतला होता का, मी विचारलं नाही. द्राक्षाच्या वाइनसाठी २००१ मध्ये धोरण आलं, सवलती मिळाल्या, चाखण्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. मोहफुलं गोळा करण्या-बाळगण्यावरचे निर्बंध उठवायचा निर्णय व्हायला २०२१ उजाडलं. घरची भट्टी अजूनही गुन्हाच. (वाइन आंबवलेली, मोहाची दारू गाळलेली, दोन्ही एका मापाने मोजू नका, हा आक्षेप बरोबर आहे. पण सवलत मिळाली ती केवळ त्या फरकामुळे, असं मला वाटत नाही.)

माझ्या वहीकडे आजी का बघत होत्या ते मला परतीच्या वाटेवर कळलं. भट्टीचा फोटो, पाड्याचं नाव, तारीख: माझ्या प्रबंधात ती 'क्षेत्रीय नोंद' झाली असती, पोलिसांच्या हातात पुरावा. मी मार्गदर्शकांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "संमती कुणाची घेतली होतीस? शिक्षकांची की त्यांची?" शिक्षकांची. त्या रात्री मी वहीतलं पाड्याचं नाव खोडलं आणि खाणाखुणा कळतील अशा दोन ओळीही. पुढच्या खेपेला वही न घेता गेलो. मी नक्की काय लिहिणार आहे ते आजींना सांगितलं, आणि मडकी फोडल्याचं लिहू का, असं विचारलं. "ते लिही," म्हणाल्या. "फोडल्याचं लिही. घराचं नको."

प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं आहे. गुला महाराज आणि शहाद्याच्या बायका तळटीपेतून वर आल्या, त्यामुळे पन्नास पानांची सत्तर होतील असं दिसतंय आणि मार्गदर्शक वैतागलेत. मित्राने पुण्याला जाताना दोन किलो मोहफुलं नेली. त्यांचं काय करायचं हे विचारायला परवा त्याचा फोन आला होता. मी सांगितलं, भाकरीत घाल.