शांततेची किंमत

सायलेन्सर म्हणजे बंदुकीच्या तोंडावर चढवायची नळी, अशीच माझी बरीच वर्षे समजूत होती. अमेरिकेत हिराम पर्सी मॅक्सिमने १९०९ साली पेटंट घेतलेला सायलेन्सर तसाच होता. हवा तेव्हा लावावा, नको तेव्हा काढावा. पण तो नळीच्या तोंडचा धमाकाच दाबी. ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा हवेतला कडाका तसाच राही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या डी लाइल कार्बाइनने निराळी वाट धरली. सांगाडा ली-एनफील्डचा, म्हणजे आपल्या पोलिसांच्या थ्री-नॉट-थ्रीचाच. मात्र नळीभोवती कायमचा सायलेन्सर आणि आत पिस्तुलाची संथ गोळी. शांतता मिळाली, पण लांबचा पल्ला गेला. सायलेन्सर काढता येणारा हवा की अंगचा, हा प्रश्न म्हणूनच नंतरचा. आधी गोळी निवडावी लागते.