आंबवलेल्या पेयांतील घट आणि अबकारी मोजमाप : सोलापूरच्या शिंदीच्या संदर्भात

आंबवून तयार होणाऱ्या कोणत्याही पेयाचे हाती येणारे माप घातलेल्या मापापेक्षा कमी भरते. ही घट कोणाच्या खाती टाकावयाची, हा प्रश्न वरवर पाहता पाककृतीचा आहे. कर आकारणारी सत्ता मध्ये येताच तो महसुलाचा होतो आणि प्रसंगी राजकारणाचाही. मे १९३० मध्ये सोलापुरात शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाड का चालली, याचा विचार प्रस्तुत निबंधात या बाजूने केला आहे.

घटीचे स्वरूप धान्यापासून होणाऱ्या बीअरमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. मोड आणून वाळवलेले व भरडलेले जव गरम पाण्यात भिजवले की किलोमागे सुमारे १ लिटर पाणी चोथ्यात अडकून राहते. पुढे तासभर उकळताना वाफ जाते आणि शेवटी भांड्याच्या तळाशी साका बसतो. घरी ५ किलो धान्यापासून २० लिटर बीअर करू पाहणाऱ्याला चोथ्यासाठी ५, वाफेसाठी सुमारे ३ आणि साक्यासाठी २ लिटर गृहीत धरून जवळजवळ ३० लिटर पाण्याने आरंभ करावा लागतो. हा हिशेब जो आधी मांडत नाही, त्याचे पिंप अर्धवट राहते.

ब्रिटनमध्ये १८८० पर्यंत कर मोड आणलेल्या धान्यावर होता. त्यामुळे पुढची सारी घट बीअर करणाऱ्याच्या अंगावर पडे. ग्लॅडस्टनने त्या वर्षी हा कर रद्द करून, आंबण्यापूर्वीच्या गोड द्रवाचे आकारमान व घनता यांवर आकारणी सुरू केली. त्याचबरोबर वाया जाणाऱ्या भागासाठी शेकडा ६ ची सूट दिली. घट ही लबाडी नसून प्रक्रियेचाच भाग आहे, हे कायद्याने मान्य केले, ही गोष्ट लहान नव्हे.

याच सुमारास मुंबई इलाख्यात मात्र वेगळी दिशा धरली गेली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या बंद करून मध्यवर्ती आसवन्यांत दारू गाळण्याचे धोरण आले. गाळलेली दारू स्थिर असते. तिचे गॅलन मोजता येतात, तीव्रता उपकरणाने पाहता येते आणि दारातून बाहेर पडताना कर घेता येतो. घरच्या भट्टीची घट मोजण्याचा प्रश्न सरकारने ती भट्टीच गुन्हा ठरवून सोडवला. पुढे १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आणले.

ताडी व शिंदी यांना मात्र ही रीत लागू पडेना. शिंदीच्या खोडाला शेंड्याखाली छेद देऊन मडके बांधले की रात्रभर रस ठिबकतो आणि मडक्यातच आंबू लागतो. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे लांबते, एरवी सकाळचा गोड रस दुपारी मादक होतो आणि लवकरच आंबट होऊन जातो. फेस उतू जातो, वायू निघून जातो. साखरेचे मद्यार्क होताना तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कर्बवायूच्या रूपाने उडून जातो, हे रसायनशास्त्राचे साधे गणित आहे. अशा सतत बदलणाऱ्या द्रवाचे माप कोणत्या घटकेला घ्यावयाचे? मडके मोजता येत नव्हते, पण झाड मोजता येत होते. ते जागचे हलत नाही, त्याला क्रमांक घालता येतो आणि खोडावरचे छेद कोणालाही दिसतात. म्हणून परवाना व कर झाडामागे ठरले.

सरकारच्या दृष्टीने ही युक्ती चोख होती. रस काढणाऱ्याला मात्र झाड कमी पाझरले, मडके फुटले वा शिंदी आंबून वाया गेली, तरी झाडाचा कर तोच भरावा लागे. ब्रिटनमधील शेकडा ६ सारखी सवलत या आकारणीच्या रचनेतच बसत नव्हती. कोकणपट्टीत झाडावरील करवाढीला भंडारी समाजाने विरोध केला, त्यामागे हेही एक कारण मानावयास हरकत नाही.

सोलापुरात हीच मोजणी उलट बाजूने वापरली गेली. कायदेभंगाच्या चळवळीत अबकारी उत्पन्नावर घाव घालण्यासाठी ताडी-शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम आधी सुरत जिल्ह्यात निघाला होता. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूरच्या गिरणगावात हरताळ पडला. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यास लोक जमले. पोलिसांनी काहींना पकडले. त्यांच्या सुटकेसाठी जमाव अडून बसला, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हे तरुण ठार झाले. त्यानंतर पोलीस चौकी व न्यायालयाची इमारत जळाली, पोलीसही मारले गेले. १२ मे रोजी शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. तो ३० जूनपर्यंत होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली.

या घटनाक्रमात झाडतोडीचा उल्लेख बहुधा दारूबंदीच्या नैतिक आवेशाखाली येतो. तो आवेश खराच होता. पण मडके फोडले तर एका सकाळचा रस जातो, दुसऱ्या दिवशी झाड पुन्हा पाझरते आणि कर चालूच राहतो. झाड पडले की करआकारणीचे एककच नाहीसे होते. आंदोलकांनी हा हिशेब शब्दांत मांडला असेल-नसेल, कुऱ्हाड मात्र नेमक्या जागी पडली. त्याच घावाने रस काढणाऱ्याचे उपजीविकेचे साधनही गेले, हे चळवळीच्या गौरवगाथांत क्वचितच नोंदले जाते.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही न आंबलेल्या रसाला नीरा म्हणून वेगळे स्थान दिले आणि छेद देण्यावरील नियंत्रण कायम ठेवले. मडक्यातला रस कोणत्या घटकेला नीरेची शिंदी होतो, हे ठरवण्याचे काम पुन्हा झाडाखाली उभ्या असलेल्या शिपायाकडेच आले.