एक शब्द, दोन घराणी

शास्त्रांचा इतिहास सांगताना आपण शोधांच्या सनावळ्या देतो. शब्दांच्या मात्र देत नाही. शब्दाचा अर्थ कोणत्या घराण्यात घडला हे ठाऊक नसले, म्हणजे पुढे व्यवहारात अनर्थ ओढवतो. संगणकाच्या क्षेत्रातील दोन घराण्यांकडे पाहिले असता हे सहज ध्यानी येते.

पहिले घराणे साठवणीचे. १९५६ साली आयबीएम कंपनीने 'रामॅक' हे यंत्र आणले; त्याच्या ५० तबकड्यांवर ५० लक्ष अक्षरे मावत. दुसरे घराणे आभासी यंत्रांचे. त्याच कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६७ साली एका संगणकाचे अनेक संगणक भासवणारी प्रणाली प्रत्यक्ष वापरात आली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने हीच विद्या साध्या संगणकांवर उतरवली.

पुढे दोन्ही घराण्यांची सोयरीक झाली. आभासी यंत्राची डिस्क म्हणजे बहुधा साठवणयंत्रणेवर ठेवलेली एक फाईल. पण सोयरीक झाली तरी बोली वेगळ्याच राहिल्या. 'लन' हा स्कझी प्रमाणातील शब्द; त्याचा मूळ अर्थ नुसता क्रमांक. व्यवहारात तो डिस्कचेच नाव होऊन बसला; घराच्या क्रमांकालाच घर म्हणावे, तसे! 'व्हॉल्यूम'ची गत याहून बिकट. नेटअ‍ॅपच्या यंत्रणेत लन हा व्हॉल्यूमच्या पोटात असतो. इतर कित्येक यंत्रणांत व्हॉल्यूम म्हणजेच लन.

खरा घोटाळा 'स्नॅपशॉट' ह्या शब्दाचा. नेटअ‍ॅपच्या संस्थापकांपैकी काहींनी १९९४ साली वर्णिलेल्या पद्धतीत नवे लेखन नव्या जागी होते, आणि स्नॅपशॉट जुन्या मजकुराची नोंद जपतो. व्हीएमवेअरच्या प्रचलित पद्धतीत मूळ फाईल गोठते व पुढचे सारे लेखन शेजारच्या नव्या फाईलीत जाते. नाव एक, पण दिशा उलटी! साठवणीच्या परंपरेत वाढलेल्या मनुष्याने ही शेजारची फाईल 'जुने चित्र' समजून हाताने पुसली, तर स्नॅपशॉटनंतरचे ताजे काम हातचे जाते. मग तो पेढीचा हिशेब असो वा रुग्णांच्या नोंदी असोत. उलट, प्रणालीतील 'स्नॅपशॉट काढून टाका' ही आज्ञा दिली, तर तेच ताजे काम मूळ फाईलीत सुखरूप मिसळले जाते.

२०१५ साली व्हीएमवेअरने आणलेल्या 'व्हीव्हॉल' पद्धतीत स्नॅपशॉटचे काम साठवणयंत्रणेकडे सोपवले गेले. मूळ डिस्क चालू राहून जुने चित्र बाजूला राहू लागले. तेवढ्यापुरते दोन्ही अर्थ जवळ आले.

ह्यात कोणतेच घराणे चुकले, असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येकाने आपल्या अंगणातून जे दिसले त्याला नाव दिले. मात्र दोन्ही अंगणांत वावरणाऱ्याने, काही पुसण्यापूर्वी, हा शब्द कोणाच्या घरचा, एवढे तरी विचारून घ्यावे.