रात्रीची गोळी

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, औषध न्यायला आलेला माणूस आधी डबी काढून टेबलावर ठेवतो. काउन्सेलर उरलेल्या गोळ्या मोजतात. जास्त निघाल्या, की प्रश्न ठरलेला: गॅप का पडला? आणि दारू पिणाऱ्याचं उत्तरही बहुतेक ठरलेलं: ‘त्या रात्री प्यायलो होतो, म्हणून गोळी घेतली नाही.’ माणूस बेफिकीर नाही. दारूवर गोळी घेतली तर रिॲक्शन होईल, या धास्तीनं तो ती टाळतो. ही धास्ती आली कुठून? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६मध्ये मद्रासला. त्याच वर्षी २९ ऑगस्टला पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तेव्हा चिंता होती गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची. पुढे मणिपुरात सुईनं नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्ही झपाट्यानं पसरला, आणि सरकारी कार्यक्रमात एचआयव्हीच्या संदर्भात व्यसन म्हणजे सुई, असं समीकरण बसलं. त्यातून चांगलंही निघालं. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्था स्वच्छ सुया आणि उपचार घेऊन थेट रस्त्यावर गेल्या. सुईच्या नशेऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००७नंतर, आली. नशा सुटलेली नसली तरी उपचाराचं दार उघडं ठेवायचं, हा धडा तिथे मिळाला.

इथे सोलापूरला तो धडा उशिरा लागू पडला, कारण इथलं मुख्य व्यसन सुईचं नाही. गिरण्या बंद पडलेल्या, यंत्रमाग आणि विडीवर चालणारी घरं, पुणे-हैदराबाद महामार्गावरची ट्रकची वर्दळ, आणि शहराबाहेरच्या मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतून येणारी हातभट्टी. २०२१मध्ये ग्रामीण पोलिसांनी तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकारानं ‘ऑपरेशन परिवर्तन’ राबवलं आणि हातभट्टीवाल्यांना दुसरा धंदा धरायला मदत केली. पण पुरवठा आटला म्हणून पिणारा लगेच थांबत नाही. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशभरात सुईनं नशा करणारे साडेआठ लाख होते, दारू पिणारे सुमारे सोळा कोटी.

आता गोळीकडे येऊ. १ एप्रिल २००४ला सरकारनं मोफत एआरटी सुरू केली. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. सुरुवातीच्या औषधांतलं नेव्हिरापीन यकृताला त्रास देऊ शकत असे. सोबत टीबीची औषधं असली तर यकृतावर भार आणखी. तेव्हा डॉक्टर दारूला मनाई करत, आणि ते योग्यच होतं. रुग्णानं मात्र त्यातून उलटा अर्थ काढला: पिणार असू त्या दिवशी गोळी नको. दारू सोडवायच्या डायसल्फिरामवर प्यायलं की खरोखर जीव घाबरा होतो. अशा गोष्टी ऐकलेल्या माणसाला सगळ्याच गोळ्या तशा वाटल्या तर नवल नाही.

मग एफाविरेन्झ असलेली एकच गोळी आली. सोय झाली, पण तिनं चक्कर येई, विचित्र स्वप्नं पडत, म्हणून ती झोपताना घ्यायची. यंत्रमागाची पाळी संपवून माणूस गुत्त्यावर जातो तीही हीच वेळ. दारू आणि औषध एकाच तासाला आमनेसामने आले, आणि हरलं औषध.

२०१७मध्ये धोरण बदललं: सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कितीही असो, निदान झालं की उपचार. १० सप्टेंबर २०१८पासून एचआयव्ही कायदा लागू झाला; उपचारांत भेदभावाला मनाई झाली आणि सुया पुरवण्यासारख्या कामालाही संरक्षण मिळालं. २०२०नंतर डोल्युटेग्राविरची गोळी आली. दिवसातून एकदा, सोयीच्या कोणत्याही वेळी. मुंबई-नवी मुंबईच्या एआरटी केंद्रांत दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी वैयक्तिक समुपदेशन आणि गटचर्चा करून पाहणारं संशोधनही झालं.

औषध आता सकाळच्या चहाबरोबर घेता येतं. जुनी धास्ती मात्र डबीबरोबर बदललेली नाही. ती काढायची तर काउन्सेलरनं स्पष्ट बोलायला हवं: दारू कमी करा, यकृत सांभाळा, पण प्यायलात तरी गोळी चुकवू नका. आणि दारू सोडायची म्हणणाऱ्याला नुसता उपदेश नको. त्याच दिवशी, त्याच आवारात मानसोपचार विभागात नेऊन बसवा.