हेरप्रमुख बहिर्जी नाईक

शिवाजी महाराजांचे हेरप्रमुख बहिर्जी नाईक यांच्याविषयी विश्वसनीय साधने अत्यल्प आहेत. मात्र कृष्णाजी अनंत सभासद यांच्या १६९७च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत त्यांचे दोन महत्त्वाचे प्रसंग आढळतात.

सुरतेत अगणित द्रव्य मिळेल, ही खबर बहिर्जींनी आणली. जानेवारी १६६४मध्ये महाराजांनी ती मोगल पेठ लुटली. १६७९मध्ये जालन्याहून परतताना मोगल सरदार रणमस्तखानाने मराठी सैन्याला गाठले. तेव्हा तीन दिवस-रात्र आडवाटेने नेऊन बहिर्जींनी फौज पट्टागडावर सुखरूप पोचविली. हाच पुढे विश्रामगड म्हणून ओळखला गेला. एका खबरेने खजिना मिळाला, तर वाटांच्या माहितीने सैन्य वाचले.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे ‘एनिग्मा’ संदेश उलगडणाऱ्या ब्रिटिशांच्या ब्लेचली पार्कची कहाणी १९७४मध्ये पुस्तकरूपाने उघड झाली. बहिर्जींच्या कामगिरीचा असा वृत्तांत उपलब्ध नाही. त्यांची वेषांतरे आणि पक्ष्यांच्या आवाजातील सांकेतिक भाषा या गोष्टी लोककथांतून आल्या आहेत. इतिहास म्हणून त्या स्वीकारताना सावधगिरी हवी.

सोलापूरलगतच्या सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर, म्हणजेच भूपाळगडावर, त्यांची समाधी दाखविली जाते.